उजवीकडची खिडकी

माझी भावजय साइमा मार्चमध्ये गेली. आमच्याकडे मार्चमध्ये जमीन दगडासारखी गोठलेली असते, त्यामुळे तिला मे महिन्यात पुरलं. मधल्या काळात ती दफनभूमीतल्या विटांच्या खोलीत होती आणि माझा भाऊ विल्हो घरात होता. दोघांच्या अवस्थेत फारसा फरक नाही, असं मला तेव्हा वाटायचं. ते कितपत खरं होतं, सांगता येत नाही. मी गावच्या वाचनालयात नोकरी केली, आणि माणसांपेक्षा पुस्तकं मला नेहमीच जरा बरी कळत आली.

विल्हो रडला नाही. तो जेवायचा, भांडी धुवायचा, दारातलं बर्फ काढायचा, शनिवारी सौना तापवून एकटाच वाफेत बसायचा. कुणी काही विचारलं की "बरं" म्हणायचा. पाद्रीबाबांनी प्रार्थनेला बोलावलं तरी बरं, शेजारच्या कांगसने लाकडं फोडायला येऊ का विचारलं तरी बरं. पाद्रीबाबांकडे तो गेला नाही, आणि कांगस लाकडं फोडत होता तेव्हा घराबाहेरही आला नाही.

त्याची एकुलती एक मुलगी लिनेट डलूथ शहरात दातांच्या दवाखान्यात काम करते. आईला पुरल्यावर ती चार दिवस राहिली आणि जाताना तिने विषय काढला. आदल्या नोव्हेंबरात विल्हो त्याच्या उघड्या मचाणाच्या शिडीवरून घसरून बर्फात पडला होता. कंबर धरून तिथेच पडून राहिला. साइमा तिच्या मचाणावरून उतरून शोधत आली म्हणून वाचला. आता शोधायला कोण येणार, असं लिनेटचं म्हणणं होतं. त्याने डलूथला यावं, घर आणि जंगलाचा तुकडा विकून टाकावा.

विल्हो म्हणाला, "बरं."

त्या शब्दाने लिनेट घाबरली. मी तिला गाडीपर्यंत सोडायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "काका, ते 'नाही' म्हणाले असते ना, तर मी गप्प बसले असते." मग गाडीचं दार उघडून तशीच उभी राहिली, आणि परत आत गेली. तिने बापापुढे अट ठेवली. त्याने स्वतःसाठी नीट बंद मचाण बांधायचं, शिडी नाही, पायऱ्या आणि कठडा असलेलं. नोव्हेंबरात त्यावर चढून त्याने चारचौघांसारखी शिकार करून दाखवली तर तो इथेच राहील. नाही जमलं तर वसंतात डलूथ.

याही वेळी तो बरंच म्हणाला. पण जूनमध्ये एका सकाळी मी गेलो तेव्हा तो अंगणात प्लायवुडचे तक्ते पसरून उभा होता.

विल्हो आयुष्यभर मचाणं बांधत आला. स्वतः मात्र तो कधी बंद मचाणात बसला नाही. झाडाला टेकवलेली शिडी आणि वर एक फळी, त्याला तेवढं पुरायचं. "माझं बूड थंडीला सरावलंय," असं म्हणायचा. साइमाला थंडी सोसायची नाही, पण घरी बसणंही तिला सोसायचं नाही. म्हणून तो तिच्यासाठी खोकी बांधायचा. दर काही वर्षांनी जुनं कुजलं की नवं, आणि प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा जास्त आरामाचं. तिचं शेवटचं मचाण त्याच हिवाळ्यात बर्फाच्या ओझ्याने कोसळलं होतं.

मला खिळा सरळ मारता येत नाही, त्यामुळे माझ्याकडे धरण्याचं काम होतं. तक्ता धर, टेप धर, दिवा धर. खोकं जमिनीवरच, सौनाच्या भिंतीलगत उभं राहिलं. माणूस आत उभा राहील एवढी उंची, दोन माणसं बसतील एवढी रुंदी. भिंतींच्या चौकटीत फोमचे तक्ते बसवून वरून पातळ प्लायवुड. खिडक्या कुणाच्या तरी मोडक्या कॅम्पर गाडीच्या होत्या. त्या आत वर उघडून हुकाला अडकतील अशा बसवल्या, आणि चौकटीला सगळीकडे नमद्याची पट्टी चिकटवली, म्हणजे उघडताना आवाज नाही. दाराला लोखंडी कडी नाही, दोरीचा फास. लोखंडाचा टिक झाला तरी हरीण पसार होतं. जमिनीवर चर्चच्या सभागृहातून काढलेला जुना गालिचा. आतून सगळा काळा रंग, म्हणजे बाहेरून बघणाऱ्या हरणाला आतली हालचाल दिसू नये. कोपऱ्यात गॅसची छोटी शेगडी आणि तिच्यासाठी खाली एक, वर एक हवेची भोकं. बंदूक टेकवायच्या पट्टीवर नळाला गुंडाळतात ती मऊ नळी. डाव्या हाताला कॉफीचा कप ठेवायला फळी.

खुर्ची जुन्या व्हॅनमधली होती. फिरती खुर्ची करकरते म्हणून विल्होने ती लाकडी ठोकळ्यावर चढवून जमिनीलाच बोल्टने आवळली. खिडकीची खालची कड कुठे घ्यायची ते ठरवायला त्याने मला तीत बसवलं.

"तू बस. तुझी उंची बरोबर आहे."

विल्हो सव्वासहा फूट आहे. मी आईवर गेलो, बुटका. मी बसलो, त्याने माझ्या डोळ्याच्या पातळीवर भिंतीला पेन्सिलीची खूण केली आणि खाली हातभर अंतर सोडून करवत चालवली. माझ्या मनात काही आलं होतं की नाही, आठवत नाही. मोठी खिडकी उजव्या भिंतीत काढताना मात्र मी विचारलं होतं, इकडेच ना? तो म्हणाला, "मग कुठे?" शिकारीतलं मला काही कळत नाही, तेव्हा मी टेप धरला.

कामात तो हुशारीत होता असं म्हणता येणार नाही. हात चालायचे, बाकी सगळं बंद. जेवायची वेळ झाली की मी सांगायचो, तेव्हा करवत खाली ठेवायचा. एकदा दुपारभर पाऊस पडला आणि तो पावसातच स्क्रू पिळत राहिला. मी आत ये म्हणालो तर आला.

ऑगस्टअखेर कांगस ट्रॅक्टर घेऊन आला. सफरचंदाच्या जुन्या झाडांशी, मोकळ्या जागेच्या कडेला, देवदाराचे चार खांब रुंद फाकवून आधीच पुरून ठेवले होते. कांगसने दार उघडून आत डोकं घातलं.

"विल्हो, हे मचाण आहे की हॉटेल? हरणं खोली मिळेल का विचारायला येतील." मग गालिचा दिसला. "आणि बूट बाहेर काढायचे का?"

विल्हो म्हणाला, "काढ." कांगसला ती थट्टा वाटली. मला तसं वाटलं नाही.

खोकं वर चढलं, पायऱ्या लागल्या, कठडा लागला. त्यानंतर खिडक्या उघड्या टाकून सगळे निघून आले. आमच्याकडे मचाण एकदा जागेवर बसलं की हंगाम उघडेपर्यंत त्यात कुणी पाऊल ठेवत नाही. रंगाचा, नव्या लाकडाचा आणि माणसाचा वास उडून जावा लागतो, हरणांना ती वस्तू झाडासारखी जुनी वाटावी लागते. मध्ये फक्त एकदा, जोराच्या वाऱ्याच्या दिवशी, कांगस खिडक्या ओढून घ्यायला वर गेला. विल्हो त्या खुर्चीत एकदाही बसला नव्हता.

पंधरा नोव्हेंबरला शिकारीचा हंगाम उघडतो, त्या दिवशी आमच्या गावात शाळा बंद असते. दुकानदार दाराला पाटी लावून जातात. लिनेट आदल्या संध्याकाळी डलूथहून आली. शिकारीला नाही, बघायला. बापाने एकट्याने पायऱ्या चढायच्या नाहीत हे तिने आधीच ठरवलं होतं, म्हणून मला केशरी टोपी घालून त्याच्याबरोबर जावं लागलं.

उजाडता उजाडता आम्ही वर पोचलो. तो कठडा धरून चढला, दम लागला नाही. मी दाराजवळ रंगाच्या उपड्या डब्यावर बसलो, तो खुर्चीत. शेगडी लागली. खरोखर ऊब होती. मी पुस्तक आणलं होतं, पण पानं वाजतील म्हणून उघडलं नाही.

विल्हो नीट बसतच नव्हता. खिडकी त्याच्या छातीशी येत होती, बाहेर बघायला त्याला मान खाली घालावी लागत होती. गुडघे पुढच्या भिंतीला टेकले होते. त्याने कॉफीचा कप ठेवायला उजवा हात बाजूला नेला, तिथे फळी नव्हती. कप हातातच राहिला. थोड्या वेळाने त्याने तो डाव्या हातात घेऊन डावीकडच्या फळीवर ठेवला आणि त्या फळीकडे बघत बसला.

हरणाचा नर उजवीकडून आला, सफरचंदांच्या झाडांतून. शिंगं मोठी होती. पायाने बर्फ उकरून खाली पडलेली सफरचंदं खात होता. मोठी खिडकी त्याच्या बरोबर समोर होती. विल्होने ती आवाज न करता वर उचलून हुकाला अडकवली आणि बंदूक उजव्या खांद्याला लावली.

उजव्या खांद्यावरून बंदूक डावीकडे सहज वळते. उजवीकडे वळायचं तर अख्खं अंग वळावं लागतं, आणि खुर्ची तर जमिनीला आवळलेली. त्याने कमरेतून पीळ घेतला, कंबर वळली नाही. उठायला गेला तर डोकं छताला लागेल इतका वर आला, आणि खिडकी त्याच्या पोटाशी राहिली. नर खात होता. घाई नव्हती. विल्होने बंदूक खाली घेतली, डावीकडच्या कोपऱ्यात उभी केली. ती तिथे बरोबर बसली, जणू तिच्यासाठीच तो कोपरा ठेवला होता.

मग आम्ही दोघं त्या नराकडे बघत राहिलो. पोट भरल्यावर तो निघून गेला. विल्हो दुपारपर्यंत तसाच वाकून बसला.

खाली शिकारीच्या झोपडीत लिनेटने पेस्ट्या भाजल्या होत्या, मांस आणि बटाट्याच्या, तिच्या आईसारख्या कडेला जरा जळलेल्या. कांगस आधीच येऊन बसला होता. झोपडीच्या भिंतीवर शर्टांच्या शेपट्या खिळ्यांनी ठोकलेल्या आहेत. ज्याची गोळी चुकते त्याच्या शर्टाची मागची शेपटी कापून, नाव लिहून तिथे लावायची, असा नियम आहे. कांगसच्या सगळ्यात जास्त, विल्होच्या पाच-सात. साइमाची एकच, लाल चौकड्यांची. त्या दिवशी ऊन डोळ्यांत गेलं असं ती शेवटपर्यंत सांगायची.

"तुमच्या बाजूने बंदुकीचा आवाजच नाही आला," कांगस म्हणाला. "गालिच्यावर लोळत पडला होतात की काय दोघं?"

विल्हो म्हणाला, "नर आला होता. मोठा."

"आणि?"

"बंदूक वळली नाही."

कांगसने हसायला तोंड उघडलं होतं, ते त्याने पेस्टीने भरलं. लिनेट ताट घेऊन उभी होती. तिने ताट खाली ठेवलं. बंदूक वळली नाही याचा अर्थ तिने कंबर असा घेतला, वय असा घेतला. त्यात तिची चूक नव्हती. ती हलक्या आवाजात म्हणाली की अट तिने त्रास द्यायला घातली नव्हती, पण आता झालं. वसंतात ती ट्रक घेऊन येईल.

"बरं," विल्हो म्हणाला आणि खाऊ लागला.

मला बोलायला हवं होतं. पण काय बोलायचं ते माझ्या डोक्यात जुळत नव्हतं. कपाची फळी, बंदुकीचा कोपरा, माझी उंची, हे सगळं मी पाहिलं होतं. पण त्यातून जे निघत होतं ते मला बरोबर कळलंय याची खात्री नव्हती, आणि चुकलो असतो तर ते फार वाईट बोलणं झालं असतं. शेवटी मी एवढंच म्हणालो, "लिनेट, तू एकदा वर जाऊन बसून बघ."

"कशाला?"

"बस फक्त."

ती गेली. बहुधा जेवणाच्या टेबलावरून उठायला निमित्त हवं होतं म्हणून गेली. बराच वेळ आली नाही. कांगस पत्ते घेऊन बसला, विल्होने चूल पेटती ठेवली. ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं तेव्हा ती आली आणि बाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडू लागली. लिनेट आईइतकीच बुटकी आहे. नाड्या सोडताना तिचा डावा हात पुढे असतो. जेवताना, लिहिताना, सगळ्यालाच.

"खिडकीचं माप कुणाला बसवून घेतलं?" तिने विचारलं.

"मला," मी म्हणालो.

"तुमचं नाही ते, काका." मग बापाकडे न बघता विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

विल्हो चुलीत लाकूड सारत होता. "आज. नर आला तेव्हा."

त्याने चुलीचं दार लावलं.

"बंद मचाण मला दुसरं येतच नाही," तो म्हणाला. "आयुष्यभर तेच बांधलं."

कांगस हातातले पत्ते लावत राहिला. लिनेटने एक बूट काढला होता, दुसरा पायात तसाच. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, आणि दिसला असता तरी मला वाचता आला असता असं नाही. विल्हो उठला, कपाटातून साइमाची रायफल काढून टेबलावर ठेवली. तिचा खटका डाव्या अंगाला आहे. डावखुऱ्यांसाठी मुद्दाम मागवावी लागते तसली.

"तेल घातलेलं आहे," तो म्हणाला. "शिकारीचा परवाना पेट्रोल पंपावर मिळतो."

मार्चपासून त्याने आपणहून कुणाला काही दिलेलं मी पाहिलं नव्हतं. लिनेटने लग्नानंतर बंदूक हातात धरली नव्हती. तिने ती उचलली, खटका मागे ओढून पाहिला, पुन्हा बूट घातला आणि पंपावर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटी वर गेली. आम्ही तिघं झोपडीत कॉफी आणि वेलचीचा पाव घेऊन बसलो होतो. सूर्य चांगला वर आल्यावर एकच आवाज झाला. कांगसने कप खाली ठेवला. विल्होने कान दिला, आणि आवाज जंगलात विरून गेल्यावर म्हणाला, "चुकली." गोळी लागली की मागून धप्प असा एक दबका आवाज येतो म्हणे. तो आला नव्हता. मला पहिलाही नीट ऐकू आला नव्हता.

लिनेट आली ती नाक लाल करून. नर बहुधा तोच होता, सफरचंदांखाली, अगदी बंदुकीच्या तोंडाशी. सगळं हाताशी होतं, ती म्हणाली. फळी, कोपरा, खिडकी, कशाला शोधावं लागलं नाही. तरी चुकली. ऊन डोळ्यांत गेलं.

कांगसने कमरेच्या सुरीकडे हात नेला. पण विल्हो आधीच उठून स्वयंपाकाची कात्री घेऊन आला होता.

"बाबा, हा शर्ट नवा आहे," लिनेट म्हणाली.

"नियम आहे."

"फार महागातला आहे."

"वळ."

ती वळली. त्याने शेपटी सरळ कापली, घाई न करता, एरवी प्लायवुड कापतो तशी. मग तिच्यावर नाव लिहून साइमाच्या चौकड्यांखाली खिळा ठोकला. कांगस खदखदून हसला, लिनेटही हसली आणि हसता हसता बाहेर निघून गेली. विल्हो हसला नाही. शेपटी जरा तिरकी लागली होती, ती त्याने काढून पुन्हा सरळ लावली.

रविवारी लिनेट परत गेली. डलूथचा विषय तिने काढला नाही, विल्होनेही नाही. गाडीची काच खाली करून ती म्हणाली, "पुढच्या वर्षी येते. मचाणाला हात लावू नका."

"बरं," तो म्हणाला. त्या वर्षात हा शब्द मी इतक्यांदा ऐकला होता की हा वेगळा होता की नाही, सांगता येत नाही.

हिवाळा नेहमीसारखा गेला. तो जेवायचा, भांडी धुवायचा, बर्फ काढायचा. ट्रक आला नाही. मे महिन्यात, आम्ही साइमाच्या थडग्यावर जाऊन आल्यानंतर, मी त्याच्याकडे गेलो तेव्हा तो सौनाच्या भिंतीलगत उरलेलं प्लायवुड काढून लावत होता. चौकटीची एक बाजू उभी झाली होती. तिच्यापुढे त्याने स्वयंपाकघरातली खुर्ची ठेवली होती. मी सवयीने जाऊन तीत बसलो.

"तू ऊठ," तो म्हणाला. "तुझी उंची चालत नाही."

मी उठलो. तो खुर्चीत बसला, पाठ टेकवली, पेन्सिल माझ्या हातात दिली आणि समोर बघत राहिला. त्याच्या डोळ्याला पातळी लावताना मला वाकावं लागलं नाही. मी खूण केली. रेघ वाकडी आली. तेवढी चालते, तो म्हणाला.